साताऱ्याचे वकील आणि माझं लंडन

'लंडनला जाऊन आलीस, मग काय काय बघितलंस?' परत आल्यापासून भिशीत, मंडईत, हळदीकुंकवाला, सगळीकडं मला हाच प्रश्न. बिग बेन, राजवाडा, ते नदीकाठचं मोठं फिरतं चाक अशी उत्तरं समोरच्या बाईला हवी असतात. तेही सगळं बघितलं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, माझं लंडन सुरू झालं ते अशा एका इमारतीपासून, जी आता तिथं नाहीच!

मुळापासून सांगते. माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. 'कृष्णेबरोबर वरून खाली वाहत आलीस,' असं आमचे हे चेष्टेनं म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी आणखी पुढं, थेट लंडनला गेली. २०२४ च्या जूनअखेर तिच्या बाळंतपणासाठी मी निघाले. व्हिसासाठी पुण्याच्या चकरा झाल्या, बॅगांची दहा वेळा वजनं झाली. 'आई, कंदी पेढे आणू नकोस, दुधाचं काही चालत नाही,' अशी तंबी फोनवरच मिळाली होती. साताऱ्याची बाई नातवंडाचं तोंड बघायला निघते आणि पिशवीत कंदी पेढे नाहीत, म्हणजे बघा! मग भडंग, मेतकूट, अहळीव, खारीक आणि सांगलीची हळद यावर भागवलं.

पहिले पाच-सहा आठवडे मी लंडन पाहिलं ते खिडकीतून. हॅरो नावाचं उपनगर, एकसारखी लाल विटांची घरं, मागं हातरुमालाएवढी बाग. नात झाली. तिसऱ्या दिवशी मी हौसेनं ओव्याची धुरी द्यायला घेतली, तर छताला लावलेलं यंत्र असं किंचाळायला लागलं की बाळ, बाळाची आई आणि मी, तिघीही रडकुंडीला आलो. जावईबापूंनी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालून ते गप्प केलं. तेव्हापासून धुरी बंद.

जुलैच्या शेवटी तर माझा जीव दोन्हीकडं. इकडं मांडीवर नात आणि तिकडं सांगलीत पाणी चढलेलं. रात्री दूध पाजायला लेक उठली की मी फोनवर आयर्विन पुलाची पातळी बघायची. २०१९ साली तिथं सत्तावन्न फुटांच्या वर पाणी गेलं होतं, आमच्या घरात कमरेएवढं होतं, ते कोण विसरेल? त्या वेळी चाळिशीच्या आसपास जाऊन पाणी उतरलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. घरी हे एकटे होते ना.

आता एक कबुली देते. मी मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचते, समजतंही बरंच, पण तोंड उघडत नाही. दारावरची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. पार्सलवाला निघून गेल्यावर बाहेर यायची. लेक म्हणायची, 'आई, कोपऱ्यावरच्या बागेत तरी जाऊन ये.' मी म्हणायची, 'उद्या.' आणि हीच लेक रोज रात्री विषय काढायची, 'बाबांना घेऊन इथंच या ना कायमचे. दोघंच तिकडं काय करताय?' जिला पार्सल घेता येत नाही ती बाई इथं कायमची कशी राहणार, हे मी तिला कसं सांगू?

अशाच एका रात्री नात काही केल्या झोपेना. तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता मला माझे वडील आठवले. ते शाळामास्तर होते. दरवर्षी आम्हा भावंडांना अजिंक्यताऱ्याच्या उतारावर चार भिंतीला घेऊन जायचे. १८५७ च्या हुतात्म्यांचं तिथं स्मारक आहे. तिथं उभं राहून ते सांगायचे, 'साताऱ्यासाठी एक माणूस लंडनला जाऊन चौदा वर्षं भांडला.' रंगो बापूजी गुप्ते! पुढं नगरवाचनालयातून प्रबोधनकार ठाकऱ्यांचं 'रंगो बापूजी' आणून वाचलं होतं. आणि गंमत बघा, त्याच लंडनात दीड महिना राहून मला हे नाव एकदाही आठवलं नव्हतं.

सकाळी जावईबापूंना विचारलं. त्यांना कथा ठाऊक नव्हती (ते नागपूरकडचे), पण फोनवर लगेच शोधून म्हणाले, 'आई, ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. १८६१ साली पाडली. पण जागा आहे. इथून एकच गाडी, बदलायची गरज नाही. लिव्हरपूल स्ट्रीटला उतरायचं. जाऊन या एकट्या.' एकटी! मी लेकीकडं बघितलं. ती बाळाकडं बघत हसत होती. दोघांनी आधीच संगनमत केलं असणार.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मी निघाले. अंगावर सुती साडी, पायात लेकीचे बूट, पर्समध्ये पत्ता लिहिलेला कागद. स्टेशनच्या फाटकाला कार्ड टेकवायचं, ते उघडतं, आत जायचं. एवढंच. ही मेट्रोपोलिटन लाइन म्हणजे जगातली पहिली भुयारी रेल्वे, १८६३ साली सुरू झालेली. म्हणजे रंगो बापूजी तिथं होते तेव्हा हीसुद्धा नव्हती. डब्यात कोणी कोणाकडं बघत नाही. आपल्याकडं एसटीत बसलं की पाच मिनिटांत शेजारणीचं माहेर, सासर, मुलं सगळं कळतं. तिथं पाऊण तासात मला शेजारच्या बाईच्या बुटांचा रंग तेवढा कळला. पण मी स्टेशनांची नावं मोजत घाबरीघुबरी बसलेय हे तिला कळलं होतं, कारण लिव्हरपूल स्ट्रीट आल्यावर तिनं नुसतं बोट दाखवून मला उठवलं.

वर आल्यावर एका सूटबूटवाल्याला विचारलं, 'लेडनहॉल?' त्यानं दिशा दाखवली, मग माझा चेहरा बघून दोन चौक सोबत चालत आला. दहा मिनिटांत पोहोचले. आज त्या जागेवर लॉइड्स या विमा संस्थेची इमारत आहे, १९८६ साली पुरी झालेली. आपण घर बांधताना नळ, पाइप मागच्या अंगाला ढकलतो. इथं सगळे पाइप, जिने, लिफ्ट दर्शनी बाजूला! मला तर वाटलं काम अर्धवट राहिलंय. नंतर कळलं की ही इमारत जगप्रसिद्ध आहे. असेल बाई.

समोरच्या फुटपाथवर मी उभी राहिले. कंपनीच्या त्या कचेरीचा एक दगडसुद्धा दिसत नव्हता आणि साताऱ्याच्या वकिलाचं नाव कुठं दिसणं शक्यच नव्हतं. पण जागा तीच होती. ज्यांनी ही कथा ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांना बसवलं. राजा शिकलेला, शहाणा. पण पुढं कंपनी सरकारशी बिनसलं आणि १८३९ च्या सप्टेंबरात कटाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं, काशीला पाठवलं. धाकटे बंधू अप्पासाहेब गादीवर आले. महाराजांचं म्हणणं एवढंच होतं की माझी चौकशी तरी नीट करा. ते म्हणणं मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. ना तार, ना विमान. साताऱ्याहून काशी, काशीहून लंडन, एका पत्राचं उत्तर यायला महिनेच्या महिने. या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत कंपनीच्या भागीदारांच्या सभा व्हायच्या, तिथं साताऱ्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा निघत राहिला तो या माणसाच्या चिकाटीमुळं. अर्ज केले, निवेदनं छापून वाटली, जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्प्सन यांना आपल्या बाजूनं उभं केलं.

१८४७ साली महाराज काशीला वारले. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब गेले, त्यांनी घेतलेलं दत्तक डलहौसीनं मानलं नाही आणि सातारचं राज्य खालसा झालं. ज्याच्यासाठी भांडायचं तो राजा नाही, राज्यही नाही. पैसा आटला, कर्ज झालं. तरी रंगो बापूजी आणखी पाच-सहा वर्षं तिथं राहिले. १८५३ च्या अखेरीस परत फिरले ते हात हलवत. त्यानंतरची कथा आपल्या साताऱ्याची. १८५७ च्या उठावात त्यांनी भाग घेतला, कट फुटला, ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

लहानपणी हे ऐकताना माझं लक्ष शेवटाकडं असायचं, तोफा आणि फाशी. त्या फुटपाथवर उभी असताना मला वेगळंच दिसलं. चौदा वर्षं या माणसानं इथली थंडी काढली, परक्या भाषेत दारं ठोठावली. घरी मुलगा मोठा होत होता. आणि मी दीड महिन्यात एका पार्सलवाल्याला घाबरत होते! माझं मलाच हसू आलं, थोडी लाजही वाटली.

शेजारीच लेडनहॉल मार्केट आहे. रंगबिरंगी छताचा जुना बाजार. आताचं छत १८८१ चं, पण बाजार मात्र शेकडो वर्षांचा, पूर्वी तिथं कोंबड्या आणि मटण विकायचे. आता हॅरी पॉटरच्या सिनेमाचं चित्रीकरण तिथं झालं म्हणून पोरं फोटो काढत असतात. मी एका दुकानात शिरले आणि म्हणाले, 'वन टी. हॉट. मोर मिल्क, प्लीज.' पोरीनं हसून चहा दिला. कसला चहा तो, पिशवी बुडवलेलं गरम पाणी! पण माझ्या हिमतीवर मिळालेला होता, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा बाहेर पडायला लागले. बसनं जास्त फिरले, कारण लाल दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की तासभर गाव बघत बसता येतं. २०२४ साली तिकीट होतं पावणेदोन पौंड, आणि त्याच कार्डावर तासाभरात दुसरी बस पकडली तर पैसे कापत नाहीत. मोठी म्युझियमं बहुतेक फुकट. ज्या बहिणी मुलांकडं जाणार असतील त्यांनी हे लक्षात ठेवा, जावयाचा खिसा वाचतो.

आणि फिरताना मला एक चाळाच लागला. काहीही बघितलं की मनात यायचं, हे रंगो बापूजींनी बघितलं असेल का? सेंट पॉल्सचा घुमट त्यांच्या आधी सव्वाशे वर्षांपासूनचा, तो बघितला असणार. ट्रॅफल्गार चौक त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झाला, नेल्सनचा तो उंच खांब १८४० ते ४३ मध्ये उभा राहिला. पार्लमेंटची जुनी इमारत १८३४ साली जळाली होती, म्हणजे साताऱ्याची दाद मागायला ते जायचे तेव्हा तिथं नव्याचं बांधकाम चाललेलं, परांच्या लागलेल्या. आणि बिग बेनचं ते घड्याळ? ते १८५९ साली सुरू झालं. लंडन म्हटलं की आपल्याला जे पहिलं आठवतं, ते चौदा वर्षं तिथं काढलेल्या आपल्या माणसाच्या वाट्याला आलंच नाही. हाइड पार्कमध्ये १८५१ साली काचेच्या महालात जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, कोहिनूर तिथं मांडला होता. तेव्हा सातारा खालसा होऊन तीन वर्षं झाली होती.

टेम्सनं मात्र मला चकित केलं. समुद्राची भरती या नदीत चढते, त्यामुळं लंडन ब्रिजपाशी दिवसातून दोनदा पाणी वर-खाली होतं आणि मोठ्या भरतीला हा फरक सात मीटरपर्यंत जातो. म्हणजे वीस-बावीस फूट! सांगलीत एवढं पाणी चढलं तर आमची सामान माळ्यावर टाकायची धांदल. तिथं माणसं कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होती. समुद्राच्या उधाणानं शहर बुडू नये म्हणून पुढं खाली नदीत मोठी दारं बसवलीत, १९८२ पासून ती वापरात आहेत. तो कठडा, तो रुंद घाटही जुना नव्हे. १८५८ च्या उन्हाळ्यात गटारांमुळं नदीला एवढी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटात बसवेना, त्यानंतर सांडपाण्याची भुयारं आणि हे घाट बांधले गेले. रंगो बापूजींनी पाहिलेली टेम्स घाणेरडीच असणार. १८४८-४९ मध्ये तर तिथं कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली.

एका रविवारी सगळे मिळून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलो. नात बाबागाडीत. मला बघायची होती वाघनखं. साताऱ्याचा पोलिटिकल एजंट जेम्स ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच, त्याच्याकडं ती आली होती आणि त्याच्या वंशजांकडून म्युझियमला मिळाली, असं सांगतात. ती खुद्द शिवछत्रपतींचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्युझियमही तसा दावा करत नाही. वाद काही असो, मला बघायची होती. दालन शोधून थकले, शेवटी जावईबापूंनी विचारलं, तर कळलं की वाघनखं तिथं नाहीत. ती १९ जुलैपासून साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली होती! बाळंतपणाच्या गडबडीत माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. माहेरच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर आलेली वस्तू मी सातासमुद्रापार शोधत होते. लेक इतकी हसली की बाबागाडीतली नात दचकून उठली. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र तिथं होता, गोऱ्या शिपायाला खाली पाडून वर बसलेला. कळ फिरवली की हा वाघ गुरगुरायचा, आणि पूर्वी तो लेडनहॉल स्ट्रीटवरच्या त्या कंपनीच्या कचेरीतच ठेवलेला असायचा. भांडणाऱ्या आपल्या वकिलाच्या कानावर ते गुरगुरणं पडलं असेल का?

साताऱ्याचा आणखी एक धागा मला प्रिमरोझ हिलजवळ सापडला. किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना तिथं राहत होते. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली ते घर घेऊन स्मारक केलं. साध्या रांगेतलं साधं घर, आत पुस्तकं आणि फोटो. बाबासाहेबांचं शाळेत नाव घातलं गेलं ते साताऱ्यात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ज्या राजासाठी रंगो बापूजी लंडनात झिजले, त्याच राजाचं नाव. तिथं एक अमरावतीकडची मुलगी भेटली, शिकायला आलेली. मी साताऱ्याची म्हटल्यावर तिनं वाकून नमस्कारच केला. मला कसंतरीच झालं, मी काय केलं होतं?

माणसांबद्दल विचाराल तर तिथं 'सॉरी' हा शब्द श्वासासारखा चालतो. मी एकाच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणाला. दोन माणसं असली तरी रांग लावतात. शेजारी ऐंशी वर्षांची एक गोरी आजी एकटी राहायची. कुंपणावरून मी तिला भडंग दिला, तिखट लागून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, त्यात बागेतले टोमॅटो घालून परत! रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात. नाताळला फोन करतो म्हणाली. त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

गणपतीत आम्ही महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ पासूनचं मंडळ ते. आरतीला उभे राहिलो तर क्षणभर सांगलीच्या गणपती मंदिरात असल्यासारखं वाटलं. पण पंगतीत वाढणाऱ्या बायका बोलताना मुलांना इंग्रजीत दटावत होत्या. माझी नातही अशीच मोठी होणार, हे तेव्हा नीट कळलं.

दिवाळीच्या आधी मी परत निघाले. लेकीनं शेवटचं विचारलं, 'मग कायमचं यायचं काय ठरवलंस?' मी म्हटलं, 'दरवर्षी तीन महिने येईन. एकटी येईन, एकटी फिरेन, तुला सुट्टी काढायला लागणार नाही. पण घर सांगलीतच राहील.' ती रुसली. विमानतळावर बोलली नाही, नुसतं घट्ट धरलं.

भाऊबीजेला साताऱ्याला गेले तेव्हा आईला घेऊन संग्रहालयात गेले. आई आता पंच्याऐंशीची आहे, काठी टेकत चालते. काचेसमोर गर्दी होती. इवलीशी पोलादी नखं ती, बोटांत अडकवायच्या कड्या. आईनं बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, 'तू तिकडं बघितलीस तेव्हा अशीच होती का गं?' मी म्हटलं, 'आई, तिकडं नव्हतीच. मी गेले तेव्हा ही इकडं आलेली.'

'अगं बाई,' आई म्हणाली. 'मग तू तिकडं बघितलंस तरी काय?'

बाहेर येऊन पायरीवर बसलो. मी फोनमधला लेडनहॉल स्ट्रीटवरचा फोटो काढून तिला दाखवला. नुसता रस्ता आणि पाइपांची इमारत. 'इथं रंगो बापूजी यायचे,' म्हटलं. आईनं चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला आणि म्हणाली, 'तुझ्या वडलांना दाखवायला हवा होता.' मग पर्स उघडून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. तिच्या पणतीचा पहिला पेढा मी खाल्ला.